कांडण गेलं, बिडी राहिली: भंडारा जिल्ह्यातली दोन कामं आणि यंत्राचा प्रश्न

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी जो आराखडा सादर केला, त्याचं शीर्षक होतं ‘यांत्रिकीकरणामुळे भंडारा जिल्ह्यातील ग्रामीण रोजगाराचा ऱ्हास’. समितीतल्या एका मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला: “यंत्र आलं म्हणून काम गेलं, हे तुम्ही शोधणार आहात की आधीच ठरवून टाकलंय?”

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मी ठरवूनच टाकलं होतं. आज हा लेख लिहितेय तो त्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करताहेत, आराखडा लिहिताहेत, त्यांच्यातल्या अनेकांच्या शीर्षकातही असा एखादा ‘मुळे’ दडलेला असेल. तो तपासून बघावा, एवढ्यासाठी ही गोष्ट सांगते.

सध्या जिकडे बघावं तिकडे एकच चर्चा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता नोकऱ्यांचं काय होणार? एक बाजू म्हणते सगळं संपलं, दुसरी म्हणते जुनी कामं जातात आणि नवी येतात, घाबरू नका. हा वाद नवा नाही. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचं आधी मत होतं की यंत्रं शेवटी सगळ्यांच्याच फायद्याची असतात. १८२१ साली त्याच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्याने यंत्रांवर एक नवं प्रकरण घातलं आणि जाहीरपणे मत बदललं: यंत्रामुळे कामगारांचं खरोखर नुकसान होऊ शकतं. १९३० मध्ये केन्सने ‘तांत्रिक बेकारी’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी आणला. म्हणजे दोनशे वर्षं आपण हेच बोलतोय. पण हे बोलणं बहुतेक वेळा मँचेस्टरच्या गिरण्यांवरून किंवा अमेरिकेतल्या कारखान्यांवरून होतं. आपल्या घरामागच्या उखळावरून कोणी सहसा बोलत नाही. मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

दोन कामं, एकच घर

भंडारा म्हटलं की तलाव आणि धान. मालगुजारी काळातले शेकडो तलाव, त्यांच्या पाण्यावरचा धान, वैनगंगेचं खोरं आणि तुमसरची तांदळाची बाजारपेठ. हे तुम्ही भूगोलात वाचलंच असेल. जिल्ह्याची दुसरी ओळख म्हणजे जंगलातला तेंदूपत्ता आणि त्यावर उभा राहिलेला बिडीचा धंदा. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हे सगळं एकाच भंडारा जिल्ह्यात मोडायचं.

माझं आजोळ तुमसर तालुक्यातलं. आजीने लहानपणी पहाटे उठून धान कांडला. लग्नानंतर काही वर्षांनी गावात धानाची गिरणी सुरू झाली आणि तिचं मुसळ कोपऱ्यात गेलं. पुढे तिने पस्तीसेक वर्षं बिड्या वळल्या. कांडण आणि बिडी, दोन्ही हाताची कामं. दोन्ही मुख्यतः बायकांची, घरात बसून करायची, फारसं भांडवल न लागणारी. एका कामात यंत्र आलं आणि ते काम बाजारातून जवळपास नाहीसं झालं. दुसऱ्यात शंभर वर्षांत यंत्राने जम बसवला नाही.

असं का? हा साधा प्रश्न माझ्या जुन्या आराखड्यात नव्हता. तिथे मी फक्त आलेल्या यंत्रांची यादी केली होती. न आलेलं यंत्रसुद्धा इतिहासाचा विषय असतं, हे मला फार उशिरा कळलं.

आधी पुस्तकी उत्तर बघू

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारा, तो लगेच सांगेल: मजुरी महाग झाली की यंत्र येतं, मजुरी स्वस्त असली की येत नाही. हबाकुक यांनी १९६२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांची तुलना करताना याच धर्तीची मांडणी केली. अमेरिकेत माणसं कमी, म्हणून माणसांचं काम वाचवणारी यंत्रं जास्त. रॉबर्ट ॲलन यांनी २००९ मध्ये ब्रिटिश औद्योगिक क्रांतीबद्दल असाच युक्तिवाद केला: मजुरी महाग, कोळसा स्वस्त, म्हणून यंत्र परवडलं.

हे उत्तर बिडीला चपखल लागू पडतं. मजुरी कमी, म्हणून यंत्र नाही. पण मग कांडणाचं काय? घरातली बाई धान कांडते तिला तर मजुरीच नसते! फुकटचं काम. पुस्तकी नियमाप्रमाणे तिथे यंत्र सगळ्यात शेवटी यायला हवं होतं. आलं मात्र आधी.

असा अडथळा आला की विद्यार्थी घाबरतात आणि एक उदाहरण वगळून टाकतात. मीही आधी तेच करणार होते. वगळू नका. नियम जिथे अडतो तिथेच तुमचा शोधनिबंध सुरू होतो.

कांडण: कोणाचे हात सुटले?

धान कांडण्याचं काम किती जड असतं ते आपल्या पिढीला माहीत नाही. उखळ-मुसळ असो की पायाने दाबायची ढेकी, तूस वेगळं करायचं, पाखडायचं, पुन्हा कांडायचं, कोंडा आणि कण्या वेगळ्या काढायच्या. सणासुदीला, लग्नाला तर दिवसेंदिवस हेच.

यंत्राची गोष्ट दूर कुठेतरी सुरू झाली. ब्राझीलमध्ये एंगेलबर्ग यांनी तयार केलेलं हलर यंत्र १८८८ नंतर अमेरिकेतल्या सिरॅक्यूस इथल्या कंपनीने बनवायला सुरुवात केली. लोखंडी दंडगोल, त्याभोवती जाळी, वरून धान टाका, खालून तांदूळ. साधं, लहान, कुठेही बसवता येणारं. विसाव्या शतकात या प्रकारचे हलर आशियाभर पसरले. आधी वाफेवर किंवा तेलाच्या इंजिनावर, मग विजेवर. आपल्याकडे त्याआधीच, १८८० च्या दशकात, नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा रेल्वेमार्ग या भागातून गेला होता. धानाचा तांदूळ करून तो लांबच्या बाजारात पाठवायचा तर भरपूर माल, एकसारखा आणि वेळेत हवा. घरोघरच्या मुसळांना ते जमणारं नव्हतं. गिरणी आधी व्यापाऱ्याची गरज म्हणून आली आणि नंतर घरच्या धानाची गरज म्हणून गावात शिरली. मजुरी किती, हा हिशोब तिथे मुख्य नव्हताच. वेग आणि माल एकसारखा असणं हे जास्त मोलाचं होतं.

आता मुलाखतीबद्दल. मी आजीला विचारलं, “गिरणी आली तेव्हा वाईट वाटलं का गं?” मनात उत्तर तयारच होतं. ती सांगेल की काम गेलं, ओव्या गेल्या, जुनं सगळं गेलं. ती हसायला लागली. म्हणाली, वाईट कशाला वाटेल, हात सुटले माझे.

शेजारी तिच्या वयाची एक बाई बसली होती. ती लहानपणी मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी धान कांडायला जायची. मोबदला पैशात फार कमी. तांदळातला वाटा, कण्या, कोंडा असा. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी वही मिटल्यावर म्हणाली (तिचं झाडीबोलीतलं वाक्य मी इथे प्रमाण मराठीत देते): “तिचे हात सुटले. माझ्या कण्या सुटल्या.”

माझ्या आराखड्यातला ‘मुळे’ तिथे मोडला. एकच गिरणी, एकच गाव, शेजारी-शेजारी बसलेल्या दोन बायका. जिच्या घरी शेत होतं तिच्यासाठी यंत्र म्हणजे सुटका. जिच्याकडे शेत नव्हतं तिच्यासाठी तेच यंत्र म्हणजे पावसाळ्याच्या दिवसांत चूल पेटवणाऱ्या कण्या बंद. ‘रोजगारावर परिणाम’ असं एकच वाक्य लिहिलं की या दोघी एकमेकींना खोडून टाकतात आणि सरासरी शून्य येते.

हे फक्त भंडाऱ्यातलं नाही. मुकुल मुखर्जी यांनी १९८३ मध्ये बंगालमधल्या ढेकीवर तांदूळ कांडणाऱ्या स्त्रियांवर लिहिलेला लेख जरूर वाचा. गरीब, अनेकदा विधवा स्त्रियांच्या हातचं हे काम गिरण्यांनी कसं नेलं, हे त्यात दिसतं. माझ्या विषयाला तो लेख म्हणजे खुंटा मिळाल्यासारखं झालं.

आकड्यांत ही बाई का सापडत नाही?

आता तुम्ही म्हणाल, मुलाखती ठीक आहेत, आकडे कुठे आहेत? रास्त प्रश्न. मी जनगणनेकडे वळले.

१९११ च्या जनगणनेत तांदूळ कांडणारे आणि पीठ दळणारे यांचा व्यवसाय म्हणून स्वतंत्र गट होता. पण त्यात मोबदल्यासाठी कांडणारीच मोजली जाण्याची शक्यता. घरचं कांडणारी माझ्या आजीसारखी बाई त्यात येत नाही. पुढे गंमत बघा. १९६१ च्या जनगणनेत हंगामी कामासाठी नियम असा होता की हंगामाच्या बहुतांश काळात रोज तासाभरापेक्षा जास्त नियमित काम केलं तरी ती व्यक्ती ‘काम करणारी’. १९७१ मध्ये प्रश्न बदलला: तुमचा मुख्य उद्योग कोणता? बाईने सांगितलं घरकाम, की ती यादीतून बाहेर. देशभरात काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. एवढ्या बायकांचं काम दहा वर्षांत यंत्रांनी हिरावलं असेल का? मोठा भाग प्रश्नाच्या शब्दरचनेचा होता.

म्हणून मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: आकडा खाली गेला तर आधी प्रश्नपत्रिका बघ, मग यंत्र बघ.

यात आणखी एक पेच आहे. ‘ब्रिटिश काळात भारताचं विऔद्योगिकीकरण झालं का’ हा वाद तुम्ही नेट-सेटच्या अभ्यासात वाचला असेल. डॅनिअल थॉर्नर यांनी १८८१ ते १९३१ च्या जनगणना तपासून सांगितलं की या काळात उद्योगातल्या लोकांचं प्रमाण फारसं घसरलेलं दिसत नाही. अमिय बागची यांनी १९७६ मध्ये बिहारच्या आकड्यांवरून घसरण झाल्याचं मांडलं. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६३ मध्ये घसरणीच्या कल्पनेलाच आव्हान दिलं होतं. हे सगळे मोठे अभ्यासक. पण थॉर्नर यांनी स्त्रियांचे आकडे भरवशाचे नाहीत म्हणून बाजूला ठेवले आणि पुरुषांच्या आकड्यांवर निष्कर्ष काढला. आकडे खरंच डळमळीत होते, त्यांची अडचण खोटी नव्हती. पण कांडण हे मुख्यतः बायकांचं काम. म्हणजे ज्या कामावर यंत्राचा घाव सरळ पडला, तेच काम वादाच्या बाहेर राहिलं.

कारखान्यांच्या कागदपत्रांतही तसंच. १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला लागू व्हायचा तो किमान दहा कामगार असतील तर. गावातला हलर चालवायला दोन-तीन माणसं पुरतात. म्हणजे गेलेलं काम जनगणनेत नाही आणि ते नेणारं यंत्र कारखान्यांच्या यादीत नाही. दोन्ही बाजू कोऱ्या. पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही असं समजू नका. हे कागद कोणी कशासाठी तयार केले, हा प्रश्न विचारा.

यंत्र अडवायचा प्रयत्नही झाला होता

हे अनेकांना माहीत नसतं. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. मगनवाडीत त्याचं ठाणं. हातसडीचा तांदूळ हा या संघाच्या पहिल्या कामांपैकी एक. त्यामागे दोन कारणं होती. एक, गावातलं काम गावात राहावं. दोन, आरोग्य. पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळात वरचा पोषक थर निघून जातो आणि बेरीबेरीसारखा आजार होतो, हे तोवर विज्ञानाने दाखवून दिलं होतं. या शोधासाठी आयकमान यांना १९२९ चं नोबेलही मिळालं होतं.

स्वातंत्र्यानंतर हा विचार धोरणात उतरला. १९५५ साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांबद्दल अहवाल दिला. हातकांडणीला वाव राहावा आणि गिरण्यांच्या वाढीला लगाम असावा, ही त्यातली दिशा होती. पाठोपाठ १९५८ मध्ये तांदूळ गिरणी उद्योग नियमन कायदा आला. नवी गिरणी काढायची तर परवाना हवा, आणि तो देताना त्या भागातल्या लोकांचं काम जाईल का, याचाही विचार करायचा होता. आज यंत्रमानवांवर कर लावावा का, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा तो अगदी नवा असल्यासारखा वाटतो. आपल्याकडे १९५८ मध्ये गावच्या हलरसाठी परवाना लागत होता!

मग काय झालं? गिरण्या वाढतच गेल्या. १९९७ मध्ये हा कायदा रद्द झाला तोवर हातसडीचा तांदूळ बाजारातून जवळपास गेलाच होता. याची कारणं मला अशी दिसतात. कायदा गिरणीवाल्याला रोखत होता, पण गिरणीत धान घेऊन जाणारी बाई गिरणीच्या बाजूने होती. माझी आजी आठवा. तिला कांडायचं नव्हतं. जिला कांडण हवं होतं, त्या शेजारणीचं म्हणणं कोणत्याच अर्जात नव्हतं. शिवाय पांढरा तांदूळ प्रतिष्ठेचा झाला होता आणि शासनाची धान्यखरेदी वाढली तशी मोठ्या भरडाईची गरजही वाढली. काम वाचवायचं धोरण आणि काम करणाऱ्या बाईची इच्छा एकाच दिशेला नसेल तर नुसत्या कायद्याने काही टिकत नाही.

बिडी: यंत्राची जागा कोणी घेतली?

आता दुसरं काम. सिगारेटशी तुलना केल्याशिवाय बिडी समजत नाही. बॉन्सॅक या अमेरिकन तरुणाने १८८१ मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी बनवत होतं. दिवसभर बसून बिडी वळणारी बाई हजाराच्या आसपास वळते. एवढा फरक असताना बिडी हातावर कशी टिकली?

पहिलं कारण पानात आहे. कागद एकसारखा असतो, तेंदूचं पान नसतं. ते भिजवायचं, शिरा टाळून कैचीने मापात कापायचं, जर्दा भरायचा, बोटांनी वळायचं, दोऱ्याने बांधायचं, टोक दुमडायचं. दर पानाला हात थोडा वेगळा फिरतो.

पण नुसतं पानावर बोट ठेवलं तर आपण पुन्हा तंत्रज्ञानाच्या गोष्टीतच अडकतो. यंत्राचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. केंद्रीय अबकारी करपत्रकात यंत्राशिवाय बनवलेल्या बिडीसाठी वेगळी ओळ होती आणि तिच्यावरचा कर कमी होता. वर्षाला वीस लाखांपर्यंत बिड्या बनवणाऱ्या लहान उत्पादकाला करात सूटही होती. म्हणजे हाताने बनवा, आणि लहान राहा किंवा लहान दिसा, यात फायदा होता.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: सट्टेदारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूर भागात बिडीचा संघटित धंदा उभा राहिला आणि मध्य प्रांतात सगळीकडे पसरला. मालक पान आणि जर्दा सट्टेदाराला देतो, सट्टेदार घरोघर वाटतो, बाया बिड्या वळून आणून देतात, हजारी दराने पैसे. खराब ठरवलेल्या बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला, त्यांचे पैसे नाहीत. जागा बाईची, उजेड तिच्या दिव्याचा, दोरे गुंडाळायला मदत तिच्या पोरांची. आता विचार करा, मालकाने यंत्र का घ्यावं? यंत्र घेतलं तर शेड हवी, वीज हवी, यंत्र बंद पडलं तर नुकसान त्याचं. सट्टेदारीत हा सगळा खर्च आणि सगळी जोखीम बाईच्या ओसरीत जाऊन बसते.

नवकल्पना म्हणजे यंत्रच असतं असं आपण धरून चालतो. बिडीतली नवकल्पना म्हणजे काम वाटायची रीत. ती इतकी स्वस्त पडली की यंत्राची गरजच उरली नाही.

कायद्याने यात काय केलं? मध्य प्रांतात १९३७ मध्येच बिडी, लाख, कातडी अशा बिनयंत्राच्या कामाच्या जागांसाठी कायदा झाला होता. पण कायदा जागेला धरून होता आणि काम घरात गेलं की तो दारातच थांबायचा. सर्वोच्च न्यायालयात यावर खटले झाले. १९५८ च्या चिंतामणराव खटल्यात सट्टेदार आणि त्यांची माणसं कारखान्याचे ‘कामगार’ नाहीत असं ठरलं. १९६१ मध्ये नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात कारखान्यात बसून वळणारे ‘कामगार’ ठरले. १९६२ मध्ये शंकर बालाजी वाजे खटल्यात बहुमत पुन्हा उलट गेलं. शेवटी १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं, आणि १९७४ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. कायदा लागू व्हायच्या सुमारास केरळात कन्नूर भागात एका मोठ्या मालकाने कारखाने बंद केले, तेव्हा तिथल्या कामगारांनी १९६९ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली, दिनेश बिडी. आपल्याकडे असा मोठा सहकारी प्रयोग का रुजला नाही, हा एखाद्याच्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो. घ्या कोणीतरी.

निकालपत्रं वाचायला कंटाळू नका, एवढंच सांगेन. १९४८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने कायदा केला होता की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी बनवायला बंदी घालता येईल. शेतीला मजूर मिळत नाहीत म्हणून! त्याखाली सागर जिल्ह्यात १९५० मध्ये अशी बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या नोव्हेंबरमध्ये तो कायदा रद्द केला. न्यायालयाचं एक कारण असं: शेतात राबू न शकणारे म्हातारे, अपंग, स्त्रिया, मुलं यांचाही हा धंदा बंद होतो. जनगणनेत जे सापडलं नव्हतं, ते मला तिथे सापडलं: बिडी कोण वळत होतं याची यादी. तेव्हा भंडारा याच राज्यात होता. आणि बघा, ‘यंत्र माणसाचं काम नेतं’ या नेहमीच्या तक्रारीऐवजी इथे सरकारची तक्रार होती की घरचं काम शेतीतली माणसं नेतंय.

मग निष्कर्ष काय?

दोन्ही कामं शेजारी ठेवली तर मला असं दिसतं. मजुरी किती हा प्रश्न अपुरा आहे. खर्च कोण सोसतं, सुटका कोणाला मिळते आणि निर्णय कोण घेतं, हे तीन प्रश्न जास्त उपयोगी पडतात. कांडणात सुटका शेतकरी घरच्या बाईला मिळाली, माल व्यापाऱ्याला मिळाला आणि किंमत भूमिहीन बाईने दिली. म्हणून यंत्र आलं आणि टिकलं. बिडीत सगळा भार वळणाऱ्या बाईनेच उचलला होता, निर्णय मात्र मालकाचा. म्हणून यंत्र नको होतं. यंत्र आलं म्हणून शेजारणीचं वाईट झालं. यंत्र आलं नाही म्हणून आजीचं फार बरं झालं, असंही नाही. पस्तीस वर्षांत तिची पाठ वाकली आणि जर्द्याच्या धुळीने खोकला लागला.

आता बिडीही उतरणीला लागलीय. त्यात २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आहे, आरोग्याची जाणीव आहे, बदललेल्या सवयी आहेत. बिडी ओढल्याने माणसं मरतात, म्हणून ती कमी होणं चांगलंच. पण काम जाण्याला दर वेळी यंत्रच कारण असतं असं नाही, हे लक्षात ठेवा. चांगल्या कारणासाठी गेलेलं कामही कोणाचं तरी काम असतं. तिकडे राइस मिलमध्ये आता सॉर्टेक्स यंत्र तांदळातला काळा दाणा कॅमेऱ्याने ओळखून बाजूला फेकतं. शेतात हार्वेस्टर उतरतोय. कापणीला जाणाऱ्या बायकांच्या हातात काय राहील, हा प्रश्न उद्याच्या इतिहासाचा आहे आणि त्याचे कागद आज तयार होताहेत. किंवा होत नाहीयेत.

तुम्ही आराखडा लिहायला बसाल तेव्हा तीन गोष्टी करून बघा. शीर्षकातला ‘मुळे’ काढा आणि त्या जागी प्रश्न ठेवा. तुमच्या उदाहरणाशेजारी असं एक उदाहरण ठेवा जिथे तसं घडलंच नाही. आणि मुलाखत संपली म्हणून लगेच उठू नका. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मी वही मिटल्यावर, जिला मी काही विचारलंच नव्हतं तिच्याकडून आलं.

माझ्या प्रबंधाचं शीर्षक आता बदललंय. त्यात ‘ऱ्हास’ हा शब्द नाही. समितीतल्या मॅडमनी नवीन शीर्षक वाचलं आणि विचारलं, “त्या शेजारच्या बाईंचं पुढे काय झालं? कण्या बंद झाल्यावर त्या काय करत होत्या?”

मी म्हटलं, “बिड्या वळत होत्या.”

“मग तिथून लिहायला लागा,” त्या म्हणाल्या.